पलंगाखालचे दोन ट्रक

आमचे धाकटे दीर, माधवभाऊजी, रोज संध्याकाळी गच्चीवर चाकांच्या फळीवर उभे राहून डुलायचे. कुठं जायचे नाहीत बरं का! चारी चाकांना विटा लावलेल्या. चवड्यांवर झुकायचं, मग टाचांवर. डोळे अर्धे मिटलेले, हात पाठीमागं. खालून क्लासची पोरं सूत्रं घोकत जायची, निंबाचा वारा यायचा आणि हे आपले झोक्यात निजलेल्या लेकरासारखे हलायचे.

आमच्या लातुरात परीक्षा संपली की खोल्यांमधली पोरं गावाकडं पळतात आणि मागं बादल्या, गाद्या, गाईडं टाकून जातात. एका वर्षी ही फळी मागं राहिली. स्केटबोर्ड म्हणतात म्हणे. भाऊजी एका क्लासमध्ये प्रयोगशाळा सांभाळायचे, त्यांनी ती उलटी करून बघितली आणि झालं, माणूस गेला! फळीखाली चाकं धरणारे जे दोन लोखंडी सांगाडे असतात, त्यांना 'ट्रक' म्हणतात हे त्यांनी कुठूनसं शोधून काढलं. त्या ट्रकात रबराचे बुश असतात. नवे बुश लई कडक, फळी वळतच नाही. रोज डुलून डुलून ते नरम करायचे, मग पान्यानं नट जरासा सैल, जरासा घट्ट.

"डुलू द्या वहिनी, मग बसतंय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. सासूबाईंची नवी कवळी टोचली, "डुलू द्या." माझी नवी चप्पल चावली, "डुलू द्या." भाजीत मीठ जास्त झालं तेव्हा काय डुलवायचं ते मात्र सांगितलं नाही.

सासूबाईंना एकच घोर. चाळिशी गाठली तरी याचं लग्न जमेना. एक दिवस सोयरीक जुळवणाऱ्या बाई चहाला बसलेल्या, तेवढ्यात गच्चीवरून भाऊजी ओरडले, "वहिनी, माझे दोन्ही ट्रक आज मस्त वळायलेत!"

बाईंनी कप खाली ठेवला. आठ दिवसांत जळकोटहून निरोप आला, पोरगी बघायला या.

भाऊजी फळी काखेत घेऊनच निघाले. "आत्ता कुठं नवे घातलेले बुश बसायला लागलेत, आज खंड पडला तर पुन्हा आखडतील."

मुलगी सुनंदा, बालवाडीत शिकवायची. वयानं तिशी ओलांडलेली, बोलायला गोड. तिचे मामा मांडी घालून बसले आणि चौकशी सुरू झाली.

"ट्रक किती वर्षांपासून हायेत?"

"दोन वर्षं झाली," भाऊजी खुलले.

"लावता कुठं?"

"पलंगाखाली."

मामांनी माझ्याकडं बघितलं. मी पोह्यांकडं बघितलं.

"आन् ड्रायव्हर?"

"मीच उभा राहतो की त्याच्यावर!"

मामा काही बोलणार, इतक्यात बाहेरच्या रस्त्यावरून विटांनी भरलेला खराखुरा ट्रक गेला. जमीन थरथरली, बशा किणकिणल्या. सुनंदाच्या हातातला ट्रे पडला आणि ती अनवाणी अंगणात धावली.

मामांनी मान खाली घातली. "भूकंपापासून असंच हाय बघा. त्यात आई-बाप गेले तिचे. काही हाललं की पळते. म्हणून तर जमेना. सांगायचं राहिलं."

भाऊजी उठले, फळी घेऊन अंगणात गेले. मी दारात उभी. त्यांनी चाकांना दगड लावले, नट जरा सैल केला आणि हात पुढं केला. "उभं राहून बघा."

"हालंल की हे!"

"हालणारच. पण तुम्ही हालवलं तरच."

ती कितीतरी वेळ फळीकडं बघत राहिली. मग त्यांचा हात धरून चढली. चवड्यांवर झुकली, टाचांवर आली. पुन्हा झुकली. हळूहळू तिचे डोळे मिटले. मोगऱ्याच्या आळ्यापाशी ती दोघं, आणि दुपार कशी पाण्यात ठेवल्यासारखी हलत होती.

परतीच्या बसमध्ये मी विचारलं, "भाऊजी, तुम्हाला हे सुचलं कसं?"

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "भूकंपाच्या वेळी मी दगड उपसायला गेलतो ना. तवापासून जमिनीवर पाय ठेवला की पाय विचारतो, हालली का? फळीवर उभं राहिलं की गप्प बसतो."

इतकी वर्षं मी त्यांच्या ताटात भाकरी वाढली, आणि हे मला ठाऊक नव्हतं.

लग्न झालं. मामांनी आमच्या घरी आल्यावर पलंगाखाली वाकून बघितलं म्हणे, ते जाऊ द्या. ती दोघं गच्चीवरच झोपायची, सुनंदाला छताखाली झोप येत नसे. त्या उन्हाळ्यात मी संध्याकाळी वर पापड उचलायला गेले. सुनंदा फळीवर डुलत होती, भाऊजी खाली बसून पान्यानं नट बघत होते. तेवढ्यात रस्त्यानं अवजड गाडी गेली. कठडा थरथरला, पाण्याची घागर वाजली. मी जागीच थांबले.

सुनंदानं डोळे न उघडता विचारलं, "कुणाचा ट्रक हो?"

"दुसऱ्याचा," भाऊजी म्हणाले. "आपले हितंच हायेत."

ती डुलत राहिली.