टिपणिसांची लाल पेन्सिल

आमचे शेजारी टिपणीस वांगी विकत घेत नसत, पास करत. पाटीवाली दारात बसली, की हे खिशातून लाल पेन्सिल काढून वांग्यांवर फुल्या मारत सुटत. "हे किडकं. हे वाकडं. माल परत!" फुलीची वांगी पुढे कुणी घेईना, तेव्हा बिचारीने आमची चाळच सोडली.

दोष त्यांचा नव्हे, नोकरीचा. अंबरनाथच्या सरकारी बंदुका-तोफांच्या फॅक्टरीत ते तपासणीला होते. प्रत्येक नगाला मापाचं गेज लावायचं. बसलं तर शिक्का, नाही बसलं तर लाल रंगाचा फराटा. दिवसभर हेच केल्यावर माणूस घरी येताना डोळे काय गेटावर जमा करणार? उल्हासनगरच्या कॅम्पातून एक सिंधी कापडवाला यायचा. तो एकदा हात जोडून म्हणाला, "साईं, कपडा है, बंदूक नहीं है!" तरी टिपणिसांनी लुगड्याचा काठ फूटपट्टीने मोजलाच.

घरात ते आणि धाकटी बहीण शालू, दोघंच. आईवडील लवकर गेले. तिला यांनीच वाढवलं आणि त्या गडबडीत स्वतःचं लग्न करायचं राहून गेलं.

मी तेव्हा एक मासिक घेत असे. नव्या कवितेचे ते दिवस. बिनयमकाच्या, तुटक ओळींच्या कविता छापून येत आणि सभ्य माणसांची डोकी उठत. टिपणीस दर महिन्याला अंक मागून नेत. आवड म्हणून नव्हे हो! तपासल्याशिवाय काही बाजारात जातंय, हे त्यांना सहनच होत नसे. अंक परत येई तो गोवर उठल्यासारखा.

"लिमये, यमक नाही," ते मला बजावत. "आटेच पाडलेले नाहीत, मग नट फिरणार कुठे? माल परत!"

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण शालूला स्थळं येऊ लागली, आणि पेन्सिल तिथेही चालली. एक मुलगा चहा फुरकून प्यायला, नापास. दुसरा स्वतःच्याच विनोदाला आधी हसला, नापास. मग माझ्या बायकोने बदलापूरच्या गुप्ते मास्तरांचं स्थळ आणलं. मुलगा निर्व्यसनी, हसरा. शालूने त्या दिवशी कपाटातल्या ठेवणीतल्या कपबशा काढल्या, तेव्हाच आम्ही काय ते समजलो. टिपणिसांनी मास्तरांना उभं केलं, बसवलं, चालवलं. शेवटी त्यांच्या आईच्या तोंडावर म्हणाले, "डावा खांदा उतरता आहे. माल परत."

मंडळी उठून गेली. शालू आत निघून गेली. त्या कपबशा संध्याकाळपर्यंत तिथेच पडून होत्या. माझी बायको म्हणाली, "भावजींना मेहुणा नकोय, तोफ हवीय." मला मात्र हसू आलं नाही. पोरीचं आयुष्य वाया चाललं होतं.

त्या महिन्यात अंक लवकर परत आला नाही. मग एका रविवारी सकाळी टिपणीस स्वतःच घेऊन आले. चेहरा उतरलेला. एकाही पानावर फुली नाही.

"हा कवी राहतो कुठे?"

"मला काय ठाऊक? का हो?"

"आमच्या घरी येऊन गेलाय तो."

त्यांनी पान पुढे केलं. छोटीशी कविता होती. एक माणूस रोज घराच्या दाराची कडी तपासतो. लोकांना वाटतं, चोराला भितो. पण तो भितो ते आतलं माणूस बाहेर निघून जाईल म्हणून. बस्स, एवढंच. ना यमक, ना आटे.

"मला वाटत होतं, मी पोरं तपासतोय," टिपणीस म्हणाले. "मी कडी तपासत होतो, लिमये. शालू गेली की घरात मी एकटा. त्याचंच भय." आणि हा कडक माणूस माझ्या ओट्यावर चक्क रडला.

तिसऱ्या प्रहरी आम्ही बदलापूरला गेलो. मास्तरांच्या आईने आम्हाला अंगणातच उभं केलं. "परत केलेला माल पुन्हा मागायला आलात? खांदा वर आला वाटतं?"

"खांदा आहे तसाच आहे," टिपणीस मान खाली घालून म्हणाले. "तपासणारा नापास निघाला."

आतून मास्तर मोठ्याने हसले. आईने पाट मांडला. चहा आला. टिपणीस घाबरून एवढं फुरकून प्यायले, की मला ठसका लागला.

वैशाखात लग्न झालं. वांगीवालीही परत आली. टिपणीस आता अंक नेतात आणि म्हणतात, "एक कळली नाही. राहू दे थोडे दिवस."

एवढंच, की त्यांचं दार दिवसभर सताड उघडं असतं. परवा माझी बायको रागावली, "भावजी, कुत्री शिरतात. कडी तरी लावा."

"नको, वहिनी. शालू आली, तर तिला कडी वाजवत उभं राहायला नको."

शालू यायची होती दिवाळसणाला. आमच्याकडे अजून गणपतीही आले नव्हते.