पाहुण्यांचा पासवर्ड

एका रविवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास त्या घरातला प्रिंटर सर्वांचा झाला. तोवर तो चिरंजीवांच्या टेबलावर, त्यांच्या एकट्याच्या कॉम्प्युटरला तारेने बांधलेला होता. ज्याला काही छापायचं असेल त्याने चिरंजीवांच्या मागे लागावं, अशी सरळसाधी पद्धत होती. त्या रविवारी चिरंजीवांनी तार सोडली, प्रिंटर बाहेरच्या खोलीत आणला, शेजारी वहीएवढी हार्ड डिस्क ठेवली आणि दोन्ही वायफायवर घालून जाहीर केलं, "आता कुणीही, कुठूनही, काहीही छापा. सगळ्यांचे फोटो, कागद एका जागी राहतील. कुणी कुणाला विचारायची गरज नाही."

शेवटचं वाक्य ते बोलले नसते तर बरं झालं असतं. कारण समोर पेपर वाचत त्यांचे वडील बसले होते, आणि ते अभिलेख कार्यालयातले निवृत्त अधीक्षक होते. सदतीस वर्षं लोकांनी त्यांना विचारायचं आणि त्यांनी "बघू" म्हणायचं, असा त्यांचा शिरस्ता. निवृत्त होऊन सात महिने झाले होते आणि या सात महिन्यांत त्यांना कुणी काही म्हणजे काही विचारलं नव्हतं.

याचा सगळ्यात जास्त ताप होत होता माईंना. माई म्हणजे अधीक्षकांची बायको. आतल्या खोलीत त्यांचं शिवणाचं मशीन होतं, तीस वर्षांत तिथे निदान चारशे मुली कातर धरायला शिकून गेल्या होत्या. आता त्या मशीनशेजारी स्टूल टाकून अधीक्षक बसत आणि रिळं रंगांप्रमाणे लावावीत की जाडीप्रमाणे, यावर मत देत. माईंनीच चिरंजीवांना गाठून सांगितलं होतं, "अरे, त्यांना काहीतरी काम दे रे बाबा. कसलंही दे. फक्त माझ्यापासून लांब असू दे."

आईचा शब्द चिरंजीवांनी मानला. सगळ्या यंत्रणेच्या किल्ल्या त्यांनी वडिलांच्या हवाली केल्या. अधीक्षकांनी पासवर्ड घातला आणि पडद्यावर अक्षरं उमटली : 'प्रशासक, आपले स्वागत आहे.' अधीक्षकांनी चष्मा काढून पुसला. सात महिन्यांनी कुणीतरी त्यांना एखाद्या पदाने हाक मारली होती. माईंनाही तेव्हा भरून आलं. आपण आपल्याच हाताने काय करून बसलोय, हे त्यांना त्या क्षणी कुठलं कळायला!

पहिलं परिपत्रक मंगळवारी निघालं. घरातल्या सर्व सदस्यांना तीन प्रकारचे अधिकार देण्यात येत होते : वाचनाधिकार, लेखनाधिकार आणि मुद्रणाधिकार. पैकी पहिला सर्वांना, दुसरा पात्रतेनुसार, तिसरा अर्जानुसार. अर्जाचा नमुना हार्ड डिस्कवर उपलब्ध होता. तो छापून, भरून, सही करून सादर करायचा होता.

"पण बाबा," सूनबाई म्हणाल्या. त्या दवाखान्यात रक्त तपासायच्या आणि त्यांना पुराव्याशिवाय बोलायची सवय नव्हती. "छापायच्या परवानगीचा अर्ज छापायचा, तर त्याला परवानगी नको?"

"हवी ना," अधीक्षक समाधानाने म्हणाले. इतका चांगला प्रश्न त्यांना बऱ्याच दिवसांत कुणी विचारला नव्हता. "त्यासाठी हस्तलिखित अर्ज चालेल. दोन प्रतींत."

प्रिंटरची वेळ ठरली : अकरा ते एक आणि तीन ते पाच. मधले दोन तास अधीक्षकांची वामकुक्षी, म्हणजे प्रिंटरचीही. कागदाची बचत व्हावी म्हणून एका कागदावर चार पानं छापण्याचा नियम झाला. हार्ड डिस्कवर गोपनीय, अतिगोपनीय आणि किरकोळ असे तीन कप्पे पडले. विजेची बिलं गोपनीयमध्ये गेली. अधीक्षकांच्या निरोप समारंभाचे फोटो अतिगोपनीयमध्ये गेले, कारण त्यांत साहेब जांभई देताना दिसत होते. माईंनी तीस वर्षांत काढलेली कपड्यांची कागदी कटिंगं सूनबाईंनी तीन रविवार खपून स्कॅन केली होती, ती किरकोळमध्ये पडली.

वाणसामानाची यादीसुद्धा हार्ड डिस्कवर गेली. यादी वाचायचा अधिकार सर्वांना होता. लिहायच्या अधिकारासाठी माईंचा अर्ज विचाराधीन होता. त्यामुळे पहिल्या आठवड्याची यादी तशीच राहिली आणि चिरंजीव तीच बघून खरेदी करत राहिले. चार आठवड्यांत घरात चार वेळा मीठ आलं आणि साखर एकदाही आली नाही. "माझ्याच स्वयंपाकघरात काय संपलंय हे लिहायला मी अपात्र?" माई कडाडल्या. "अपात्र नाही," अधीक्षक शांतपणे म्हणाले, "प्रलंबित."

पाहुण्यांचं मात्र तसं नव्हतं. पाहुण्यासमोर घराची शोभा होता कामा नये, याबाबत अधीक्षक फार कडक. पाहुण्यांसाठी रोज वेगळा पासवर्ड निघे आणि तो चिठ्ठीवर लिहून अधीक्षक स्वतःच्या खिशात ठेवत. अर्ज नाही, वेळेचं बंधन नाही, चाराला एकचा नियम नाही. परिपत्रक क्रमांक सहामध्ये म्हटलंच होतं की पाहुण्यास छपाईचे कारण विचारण्यात येऊ नये. पाहुणा म्हणजे नेमका कोण, असं सूनबाईंनी खोचकपणे विचारलं, तेव्हा अधीक्षकांनी व्याख्याही करून दिली : 'जी व्यक्ती बाहेरून घंटा वाजवते, पादत्राणे दाराशी काढते व सोफ्यावर बसते, ती पाहुणा.'

या व्याख्येत शेजारचे विमावाले अगदी चपखल बसले. ते रोज अकराला घंटा वाजवत, चपला काढत, सोफ्यावर बसत आणि आपल्या कंपनीची माहितीपत्रकं ढिगाने छापून नेत. अधीक्षक स्वतः उठून त्यांना पाणी आणून देत, तेही फुलाफुलांच्या काचेच्या ग्लासातून. ते सहा ग्लास लग्नातले. कपाटात वरच्या फळीवर कापडात गुंडाळून ठेवलेले असत आणि पाहुण्यांखेरीज कुणासाठी खाली उतरत नसत. माई हे सगळं आतून बघत आणि मशीनचं पायडल जरा जोरात मारत.

आणि मग माईंना ते पत्र आलं. गावातल्या शिवण प्रशिक्षण केंद्राला शिक्षिका हवी होती. माईंच्याच एका जुन्या विद्यार्थिनीने त्यांचं नाव सुचवलं होतं. स्वतः काढलेल्या एका कोटाचं संपूर्ण कागदी कटिंग, मूळ आकारात, शुक्रवारी दुपारी चारच्या आत आणून द्यायचं होतं. माईंनी पत्र तीनदा वाचलं. वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी त्यांना कुणीतरी बाई म्हणून, टेबल देऊन, फळ्यासमोर उभं करणार होतं. आयुष्यभर आतल्या खोलीत शिकवलं, एकदा तरी खऱ्या वर्गात शिकवावं, ही त्यांची इच्छा. त्यांनी ती कधी कुणाला सांगितली नव्हती.

मूळ कटिंग पिवळं पडून घड्यांवर फाटलेलं. पण हार्ड डिस्कवर ते नीट होतं. छत्तीस पानं छापायची, कडेला कड जुळवून चिकटवायची, की अख्खा कोट तयार. माईंनी सोमवारीच अर्ज टाकला.

बुधवारी तो त्रुटी काढून परत आला. 'सदर पानांवर मजकूर नसून केवळ रेषा आहेत. खुलासा व्हावा. तसेच जे छापावयाचे आहे त्याची एक छापील प्रत सोबत जोडावी.'

"अहो, ती छापील प्रतच तर मला हवीय!" माई म्हणाल्या.

"तेच तर. ती जोडली की लगेच मंजूर करतो."

माईंनी हात जोडले, डोळ्यांत पाणी आणलं, शेवटी दोन वेळचं बोलणं टाकलं. गुरुवारी संध्याकाळी अधीक्षकांना पाझर फुटला आणि विशेष बाब म्हणून अर्ज मंजूर झाला. शुक्रवारी पावणेएकला प्रिंटरमधून कागद आले. मोजून नऊ. चाराला एक. माईंनी ते टेबलावर जुळवले आणि बघतच राहिल्या. बाही करंगळीएवढी. हा कोट एखाद्या बाहुलीला झाला असता, तोही जरा घट्टच.

"मूळ आकार हवा होता हो!" त्यांचा आवाज फाटला.

"मूळ आकारासाठी वेगळा अर्ज आहे. पण आता एक वाजलाय, आता तीनला बघू," असं म्हणून अधीक्षक आत गेले आणि पाच मिनिटांत घोरू लागले. कोपऱ्यावरचं झेरॉक्सचं दुकान दुपारी बंद. सूनबाई दवाखान्यात, चिरंजीव कामावर. प्रशिक्षण केंद्र बसने पाऊण तासावर. तीनला अर्ज, मग त्रुटी, मग खुलासा. माई स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. समोर मिठाच्या चार पिशव्या ओळीने उभ्या होत्या. त्यांच्याकडे बघता बघता माईंचं रडू थांबलं.

त्या उठल्या. तोंड धुतलं, केस सारखे केले, चपला घातल्या, पर्स घेतली. बाहेर जाऊन दार ओढून घेतलं. आणि घंटा वाजवली.

बऱ्याच वेळाने अधीक्षक डोळे चोळत आले. "किल्ली विसरलीस?"

"नाही. पाहुणी आलेय." माईंनी चपला दाराशी काढल्या आणि त्या सोफ्यावर जाऊन बसल्या, अगदी कडेला, पाहुणे बसतात तशा. "वाचा तुमचं सहावं परिपत्रक."

अधीक्षकांनी भिंतीवर लावलेलं परिपत्रक मान वर करून वाचलं. घंटा वाजली होती. चपला दाराशी होत्या. व्यक्ती सोफ्यावर होती. सदतीस वर्षांत त्यांनी स्वतःच्या सहीखालचा एकही नियम मोडला नव्हता. त्यांनी खिशातून चिठ्ठी काढून दिली. एकवीस मिनिटांत छत्तीस पानं मूळ आकारात बाहेर आली, आणि ती गुंडाळून माई अडीचच्या बसला लागल्या. गडबडीत पाणी राहून गेलं, याची अधीक्षकांना चुटपुट लागून राहिली.

माईंना नोकरी मिळाली. त्या दिवशी संध्याकाळी सूनबाईंनी दार उघडायची किल्ली पर्समध्येच ठेवली आणि घंटा वाजवली. दुसऱ्या दिवशी चिरंजीवांनी. आठवड्याभरात वाणसामानाची यादी पाहुणे म्हणून लिहिली जाऊ लागली आणि घरात साखर आली. अधीक्षकांनी नियमानुसार एकेकाचं नाव सदस्यांच्या नोंदवहीतून कमी केलं. एकच व्यक्ती सदस्य आणि पाहुणा दोन्ही असणं नोंदवहीला मंजूर नव्हतं. शेवटी वहीत एकच नाव उरलं. हा माणूस घंटा वाजवत नसे, कारण तो सतत घरातच असे.

महिन्याभराने माई वर्ग संपवून चार वाजता परतल्या, तर अधीक्षक जिन्याच्या पायरीवर बसलेले. अंगात घरचा सदरा, हातात चिठ्ठी, चपला दाराशी नीट जोडून काढलेल्या.

"अहो, इथे काय करताय?"

"हयातीचा दाखला द्यायचाय पेन्शनच्या कार्यालयात. पाचच्या आत. नाहीतर कागदोपत्री मी मेलो," अधीक्षक म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "त्याचा फॉर्म छापायचा होता. पण प्रशासकाच्या स्वतःच्या छपाईला दुसऱ्या सदस्याची शिफारस लागते. पक्षपाताचा आरोप नको म्हणून मीच घातला होता तो नियम. आणि सदस्य कुणी उरलंच नाही. मग म्हटलं, पाहुणा म्हणून जावं. दार ओढून घेतलं, घंटा वाजवली." त्यांनी बंद दाराकडे बघितलं. "आत कुणीच नव्हतं."

"किल्ली?"

"आत."

माईंना हसूही आलं आणि त्या माणसाची दयाही आली. त्यांनी दार उघडलं, आत गेल्या, दार लावून घेतलं. "वाजवा आता," त्या आतून ओरडल्या. घंटा वाजली. माईंनी दार उघडलं. "या, बसा."

अधीक्षक सोफ्यावर कडेला बसले. फॉर्म छापून आला. माईंनी वरच्या फळीवरून फुलाफुलांचा ग्लास काढला, पुसला, पाणी भरून पुढे केला. अधीक्षकांनी तो दोन्ही हातांत धरून उजेडाकडे फिरवून बघितला.

"छान आहे गं. यातून पाणी प्यायलो नव्हतो कधी."

"मीही नाही," माई म्हणाल्या. "आपण घरचे ना."

तुम्ही हसताय, हसा. पण आधी उठून आपल्या कपाटाची वरची फळी बघून या. तिथे कापडात गुंडाळून काय ठेवलंय आणि घरातल्या कुणाच्या हातात ते शेवटचं कधी दिलं होतं, ते आठवा. आठवलं तर सांगा. अर्ज लागणार नाही.