मानीव यंत्र जागे झाले

सन १९७७ च्या दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी माण भागातला मेंढपाळ धुळा आपली तीनशे बारा मेंढरं घेऊन साताऱ्याच्या मेष-संचार नियमन कार्यालयाच्या दारात हजर झाला. त्याला घाट उतरून कोकणात जायचं होतं आणि त्यासाठी चराईचा पास हवा होता. दर साली कारकून ज्ञानू हा पास दोन मिनिटांत लिहून द्यायचा. त्यातलं एक मिनिट शिक्क्याला शाई लावण्यात जायचं.

"औंदा हातानं लिहायचा न्हाई," ज्ञानू म्हणाला. "वरनं हुकूम हाय. पास यंत्र देणार."

"मग यंत्राला सांगा की गड्या. माळावर काडी ऱ्हायली न्हाई, गाभण मेंढ्या हाईत."

"यंत्र आजून आलं न्हाई."

वस्तुस्थिती अशी होती. मंजूर झालेला संगणक मुंबईला खोक्यात पडून होता. हे यंत्र जन्मतः झोपलेलं असतं. त्याला उठवायला ग्रामोफोनच्या तबकडीसारखी एक तबकडी लागते. तू कोण, तुझ्या आठवणी कुठे ठेवल्यात, उठल्यावर पहिलं काम कोणतं, हे सगळं तिच्यावर लिहिलेलं असतं. आईनं लेकराच्या कानाशी लागून हळू सांगावं, तसं. ही तबकडी कार्यालयाने तयार करायची, यंत्रावर चालवून बघायची, आणि मगच यंत्र साताऱ्याला निघायचं. यंत्र आल्याखेरीज तबकडी चालवून बघता येत नव्हती, आणि तबकडी चालल्याखेरीज यंत्र येत नव्हतं.

दुसऱ्या एखाद्या कार्यालयाने इथे हात टेकले असते. अधीक्षक लालासाहेबांनी टिपणी लिहिली : 'प्रत्यक्ष यंत्र प्राप्त होईपर्यंत दालन क्रमांक दोन हेच यंत्र आहे असे मानण्यात यावे.' अशा रीतीने मानीव यंत्र अस्तित्वात आलं.

ज्ञानू पूर्वी फौजेत बिनतारी संदेशावर होता, म्हणून तो यंत्राचं डोकं झाला. भिंतीवरची टपालाची चाळीस खणांची मांडणी म्हणजे आठवण. फरशीवर खडूनं वर्तुळ आखलं, ती तबकडी. पण तबकडी फिरली पाहिजे. म्हणून शिपाई कोंडीबाच्या सदऱ्याला टाचण्यांनी बारा कागद लावून त्याला वर्तुळावर चालायला सांगण्यात आलं. समोर येईल तो कागद ज्ञानूनं वाचायचा आणि कागद म्हणेल तसं करायचं.

"खरी तबकडी मिनिटाला चोवीसशे फेरे घेती," ज्ञानू म्हणाला.

"चोवीसशे? आवं, माझी पेन्शन जवळ आलीया!"

लालासाहेबांनी वेगात सूट मंजूर केली.

झाडलोट करणारी मनुबाई दाराला टेकून हे बघत होती. तिच्या तोंडून सहज निघालं :

"फिर रं फिर कोंडीबा, जात्यात न्हाई दाणा
दळाण ह्ये कुणाचं, हाफिसाचा बहाणा."

कोंडीबाला मात्र ठेका बरा मिळाला. तो त्यावर फिरू लागला.

तीन दिवस यंत्र उठलं नाही. पहिला कागद म्हणायचा, 'बारावा कागद वाचावा.' बारावा म्हणायचा, 'यंत्र पूर्ण जागे झाल्याखेरीज हा कागद वाचू नये.' ही ओळ सुरक्षिततेसाठी लालासाहेबांनी स्वतः घातली होती. ती खोडायला त्यांनी स्वतःचीच परवानगी मागितली आणि दोन दिवसांनी दिली. त्याच रात्री आवारात एक मेंढी व्याली.

सहाव्या दिवशी अकरा वाजून वीस मिनिटांनी ज्ञानू ओरडला, "उठलं! यंत्र उठलं!" कोंडीबा आनंदानं खाली बसला. तबकडी थांबली आणि यंत्र पुन्हा झोपलं. चहानंतर ते परत उठवण्यात आलं.

जाग्या यंत्राला काम हवं. चाचणीसाठी नमुना अर्ज लागतो, आणि नमुना खोटा असू नये असा नियम आहे. खरा अर्ज एकच होता. धुळानं हौसेनं अंगठा उठवला. कोंडीबा फिरला, ज्ञानूनं वाचलं, कागद या खणातून त्या खणात गेले, आणि तीन वाजता पास क्रमांक एक तयार झाला. शेवटच्या रकान्यात यंत्राने नोंदवलं : 'अर्जदार मेंढरांसह घाट उतरला.' टाळ्या झाल्या. पास एकतिसाव्या खणात जमा झाला.

धुळानं हात पुढे केला.

"त्यो पास तुजा न्हाई रं," ज्ञानू खाली बघत म्हणाला. "मानीव यंत्रातल्या धुळाचा हाय."

"मग मला दुसरा द्या."

"एका हंगामात एका नावाला एकच पास," लालासाहेब म्हणाले. "आणि तुम्ही तर कोकणात पोहोचलात."

"आवं सायेब, मी हितं हुबा हाय!"

"दिसतंय. पण नोंद तशी नाही."

धुळानं घोंगड्यातून आदल्या रात्री जन्मलेलं कोकरू बाहेर काढलं. त्याची लोकर अजून दवासारखी मऊ होती.

"ह्ये तुमच्या कागदात न्हाई. आल्या दिवसानंतर मोजलंच न्हाई कुणी. ह्येला तरी पास द्या. आमी ह्येच्या मागनं जातो."

मनुबाईनं पदर डोळ्याला लावला. लालासाहेबांनी नियमावली दोनदा चाळली.

"देता येईल," ते हळुवारपणे म्हणाले. "पण ते अज्ञान आहे, म्हणजे वयात आलेलं नाही. मालकाचा अंगठा लागेल. आणि मालक कोकणात आहे."

धुळानं कोकरू पुन्हा घोंगड्यात घेतलं आणि मेंढरं उगवतीकडे, कोरड्या माळाकडे वळवली. आवारात त्यांच्या खुरांची नक्षी राहिली. ती मनुबाईनं दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झाडली नाही.

चाचणीचा अहवाल मुंबईला गेला. उत्तर पंधरा दिवसांत आलं : साताऱ्याचं यंत्र समाधानकारक चालत असल्याने खोक्यातलं यंत्र दुसऱ्या जिल्ह्याला देण्यात येत आहे, आणि यापुढे इतर खात्यांची कामंही दालन क्रमांक दोनमध्येच चालवावीत.

तेव्हा वाचकहो, आपला अर्ज कुठे अडकला असेल, अशी शंका मनात आणू नका. विजेचा असो, उताऱ्याचा असो, तो मंजूर झालेला आहे. गेल्या बुधवारी आपण स्वतः आलात, रांगेत उभे राहिलात आणि आभार मानून, समाधानाने घरी गेलात. तशी नोंद आहे. मग आत्ता हे वाचत बसलेली व्यक्ती कोण, याचा खुलासा तीन प्रतींत सादर करावा.