अठरा घोड्यांच्या निरोपाची व पंचेचाळीस घोड्यांच्या आगमनाची हकीकत

श्री. काळ्या मातीस नमन, फाळाच्या टोकास नमन, आणि लोखंडासही घरची सवय लागते हे ज्या ज्या कुणब्यास ठाऊक त्या सर्वांस नमन करोन हकीकत लिहिली ऐसीजे. शालिवाहन शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, वैशाख मासी, शुद्ध पक्षी एका राज्यात ट्रॅक्टरपालट जाहला, त्याचा मजकूर येणेप्रमाणे.

ते राज्य नऊ एकरांचे. पूर्वेस ओढा, पश्चिमेस कालवा, दक्षिणेस चुलत्यांची हद्द आणि उत्तरेस म्हसोबा. राज्यावर कृष्णातराव राजे नांदत होते, माणूस कष्टाळू, मनाचा निर्मळ, मात्र घरच्यांच्या मनातले आपणांस न विचारताच कळते ऐसा त्यांचा पक्का समज. पट्टराणी वैजयंताबाई. राजमाता हौसाबाई, ज्यांचा शब्द गोठ्यापासून देव्हाऱ्यापर्यंत चाले. आणि अकरा महिन्यांची राजकन्या ईश्वरी, जिचा शब्द राजमातेवरही चाले. राज्याच्या पागेत वाहन एकच, अठरा घोड्यांचा ट्रॅक्टर. तो मुळचा कोणा द्राक्षबागाइतदाराचा, वेलींखालून औषध फवारीत फिरे; तेथून दुसऱ्या हाती गेला आणि तिसऱ्या हाती या राज्यात आला, तेव्हां रंग उडालेला, एक दिवा आंधळा, परंतु चालीचा गरीब. सहा वर्षांमागे ऐन पेरणीत कृष्णातराव कडब्याच्या गंजीवरून घसरले आणि उजवा हात मोडून गळ्यात बांधून बसले. रानास वाफसा आलेला. वाफसा म्हणजे ओल फार नाही थोडी नाही ऐसे दोन दिवस, ते गेले की पेराही गेला. गावात ड्रायव्हर मिळेना. मग वैजयंताबाई, ज्यांनी माहेरी सायकलही हाती धरली नव्हती, त्या पदर खोचून बैठकीवर चढल्या, आणि राजे बांधावरून डाव्या हाताने खुणा करू लागले. पहिले दिवशी पेऱ्याचे तास बैल मुतल्यागत वाकडे गेले म्हणोन शेजारचे हसले. दुसरे दिवशी ऐसे सरळ गेले की हसणारे बांधावर येऊन उकिडवे बसले आणि डोळ्यास हात लावून पाहते जाहले. तेथपासून बैठक राणीची जाहली. राजांचा हात सांधला तरी त्यांनी ती मागितली नाही, आणि लोक पेरणीस बोलावू आले की राजांस नमस्कार करीत आणि विचारीत, वहिनी कवा मोकळ्या हाईत.

पुढे वैजयंताबाईंस दिवस राहिले. सातव्या महिन्यापावेतो त्या बैठकीवर होत्या, मग राजमातेने हुकूम करोन उतरविले. कन्या जाहली, आणि तिचे न्हाणे, शेक, दूध, कान टोचणे यात वर्ष गेले, आणि ट्रॅक्टर राजेच चालवू लागले. राणीने कोणास बोलून दाखविले नाही, परंतु बाळीस मांडीवर निजविताना त्यांचा डावा पाय आपोआप दाबून सुटे, जणू क्लच पायाखाली आहे. त्यांनी मनाशी धरले होते की यंदाच्या मोसमात पोर रांगू लागली की आपण पुन्हा बसावयाचे.

ऐशात दक्षिणेकडील चुलतभाऊ शहरात नोकरीस गेले आणि आपले सहा एकर रान वाट्याने या राज्यास देते जाहले. रान काळे, जड, चार वर्षे पडीक. अठरा घोड्यांनी तेथे नांगर घातला तो फाळ रुतला आणि ट्रॅक्टर पुढली चाके उचलून उधळल्या खोंडासारखा उभा राहिला. राजे परत आले आणि हातपाय धुऊन म्हणाले की आता मोठा आणल्यावाचून गत नाही. मग पंचेचाळीस घोड्यांचा ठरला, अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त ठरला, आणि जुना घेण्यास शेजारच्या गावचे पेरूबागवाले आप्पालाल मुल्ला राजी जाहले. हे सर्व ठरल्यावर राजे जेवते वेळी मोठ्या मायेने राणीस म्हणाले की नवे धूड अवजड, क्लच उंच, तुझा पाय पुरावयाचा नाही, आणि आता पदरी लेकरू आहे, तर तू सावलीत बस, पाच वर्षे पुष्कळ केलेस. राणी बरं म्हणाल्या. परंतु पाच भाकरी लागत होत्या तेथे त्या आठ थापून बसल्या, आणि टोपल्यातला तो ढीग राजमातेने पाहिला.

वैशाख शुद्ध प्रतिपदेस आप्पालाल स्वतः आले. वय साठीचे, पांढरी दाढी, तरुणपणी बैलांचा व्यापार केलेला. चहा जाहला, ट्रॅक्टर धुऊन पुसून दारात उभा होता, राणीने त्यास हळदकुंकू लावून हार घातला, आणि राजे किल्ली आणण्यास खुंटीकडे गेले तो खुंटी रिकामी. तेव्हां राजमाता उंबऱ्यावर बसून म्हणाल्या की किल्ली माझ्या कमरेला आहे आणि तेथेच राहील. त्याचे कारण ऐसे. त्या मुलुखात चाल आहे की जनावर विकले तरी त्याचे दावे, म्हणजे बांधावयाची दोरी, द्यावयाचे नाही. दावे गेले तर गोठ्याची लक्ष्मी मागोमाग जाते. घेणाऱ्याने आपले दावे आणावे, विकणाऱ्याने आपले खुंट्यास ठेवावे. राजे हसू लागले की आये, यंत्राला कुठलं दावं. परंतु आप्पालाल हसले नाहीत. ते म्हणाले, चाल खरी आहे, माझ्या बापानेही कोणाचे दावे नेले नाही, मात्र यंत्राचे दावे कोणते हे आधी ठरावे. मग तिघांत वाद जाहला. राजे म्हणाले ट्रॅक्टरच्या गळ्यातला हार ठेवून घे. आप्पालाल म्हणाले ओढायची साखळी असेल ती ठेवा. राजमाता म्हणाल्या की ज्याने जनावर हलते आणि ज्याने थांबते ते दावे, आणि ऐसी वस्तू किल्लीच. आप्पालालांनी दाढी कुरवाळली आणि कबूल केले की बोलणे बिनतोड आहे, मात्र या हिशेबाने ट्रॅक्टर ढकलत न्यावा लागेल आणि मधे कालव्याचा चढ आहे.

राजांस आता राग आला. ते म्हणाले की दोन दिवसांवर मुहूर्त आला, हा पोरखेळ पुरे. त्यावर राजमाता उठल्या आणि आवाज न चढविता बोलल्या. "कृष्णा, माझं कायबी अडलं न्हाई रं. पर जिचं जनावर तिच्या हातनं जातंय. पाच वरसं कोन बसलं त्याच्यावर? तिला इचारलंस?"

राजांनी विचारले नव्हते. सर्वांनी राणीकडे पाहिले, आणि राणी पोर कडेवर घेऊन उभ्या, कानाच्या पाळ्या लाल. त्यांस वाटले की आता बरं म्हणावे आणि सुटावे. परंतु पोरीने आईचे मंगळसूत्र मुठीत धरून ओढले, आणि मान वर करावीच लागली.

"जाऊ द्या की त्याला," वैजयंताबाई म्हणाल्या. "अठरा घोड्यांत ते काळं रान निघत न्हाई, ते मला बी दिसतंय. मला जुन्याचं रडू न्हाई. मला नव्यावर बसायचं हाय."

"अगं, पाय पुरत न्हाई," राजे म्हणाले.

"बसवून बघितलंत कवा?"

राजांनी राणीच्या पायाकडे पाहिले, मग ट्रॅक्टरकडे, मग आईकडे, आणि हळू म्हणाले की उद्या शोरूमला सगळी जाऊ, बसून बघ. मग राजमातेने किल्ली कमरेची काढून सुनेच्या हाती दिली, आणि राणीने ती आप्पालालांस देताना लेकीस सासरी धाडताना सांगावे तैसे सांगितले, की सकाळी गार असताना दोन वेळा फिरवावी लागते, डावीकडचा ब्रेक अंमळ जास्त ओढतो, आणि दुसरा गिअर घाईने टाकू नका, तो रुसतो. आप्पालालांनी ते सर्व मान हलवीत ऐकून घेतले. मग ते मागे गेले, ट्रॉली जोडावयाची झिजलेली लोखंडी पिन उपसली आणि राजमातेच्या पुढे धरून म्हणाले, हे दावं समजा मावशी, मी माझी नवी पिन घालतो. राजमातेस पटले. त्यांनी पिन कपाळास लावून गोठ्यातल्या खुंट्यास अडकविली, आणि अठरा घोडी कालव्याच्या चढाने धूर सोडीत दिसेनाशी जाहली. राणी ती पाहत उभ्या होत्या. रडल्या ऐसे कोणी म्हणते, कोणी म्हणते धूर गेला.

द्वितीयेस स्वारी तालुक्यास गेली. राजमातेच्या खांद्यावर राजकन्या, तिच्याखाली वाकळ, आणि राणी इरकली नेसून. शोरूमात पंचेचाळीस घोड्यांचे ते प्रकरण निळे, चाक राणीच्या खांद्याइतके. राणी पायरी धरून चढल्या, बसल्या, डावा पाय लांबविला, तो क्लच चार बोटे दूर. दुकानच्या कारभाऱ्याने खालचा दांडा ओढून बैठक पुढे सरकविली, तरी दोन बोटे उरली. तो म्हणाला, ताई, दादांनाच चालवू द्या, हे बाईमाणसाच्या ताकदीचं न्हवं. राजमातेने त्यास आपादमस्तक पाहिले आणि विचारले की तू कोणाच्या मांडीवर वाढलास रे बाबा. तो पंख्याचे बटण शोधू लागला. राणीचे मात्र तिकडे ध्यान नव्हते. राजांच्या तोंडावर जो चुकचुकता भाव आला तो त्यांनी पाहिला, आणि हेही जाणले की आता खाली उतरले तर पुन्हा कोणी चढ म्हणणार नाही. त्यांनी हात पुढे केला आणि म्हणाल्या, "आत्याबाई, पोरीची वाकळ द्या जरा." वाकळ चौघडी करोन पाठीमागे घातली, कंबर टेकविली, आणि पाय लांबविला तो क्लच थेट तळापर्यंत गेला. सोडला, पुन्हा दाबला, पुन्हा सोडला. राजे बघतच राहिले.

"जुन्यावर बी पुरत न्हवता," राणी म्हणाल्या. "रोज बारदानाची घडी घेऊन बसत होते."

"मला वाटलं, कंबर दुखती म्हणून घेतीस."

"इचारलं असतंत तर सांगितलं असतं."

राजे खाली पाहून हसले, आणि ते हसू लाजेचे होते. मग त्यांनी आपल्या हाताने वाकळेचा वर आलेला कोपरा राणीच्या पाठीमागे नीट दाबला.

तृतीयेस मोठे घोडदळ राज्यात दाखल जाहले. नारळ फुटला, चारी चाकांस लिंबे ठेविली, गाव गोळा जाहले. पंचमीस सकाळी उन्हे तापण्याआधी काळ्या रानात नांगर लागला, बैठकीवर वैजयंताबाई, पाठीशी नवे बारदान. भुई फाटली आणि घागरीएवढी ढेकळे उलटी पडू लागली, आणि मागून बगळे उतरले. राजे पोरीस कडेवर घेऊन बांधावर उभे होते, शेजारी राजमाता. नांगराचे तास निम्मे जाहले तो राजकन्येने भुकेचा टाहो फोडला. राजांनी खूण करावयास हात वर केला, तो राजमातेने खाली ओढला आणि म्हणाल्या की एवढं तास पुरं हू दे, पोरीला घटकाभर कळ निघंल. तास शेवटास गेले. राणीने रडे ऐकले होते, तरी वळण नीट घेतले, नांगर उचलला, आणि बाभळीखाली इंजिन चालते ठेवून उतरल्या आणि पोरीस पदराखाली घेतली. इंजिन धडधडत होते, बैठक रिकामी होती. राजे जवळ गेले, सवयीने पायरीवर एक पाय ठेविला, हात स्टिअरिंगच्या चाकावर गेला. मग तो पाय त्यांनी खाली घेतला, पाण्याचा कॅन उचलला, आणि म्हणाले, तू पाज निवांत, मी पाणी घेऊन येतो, मग लाव दुसरं तास.

तात्पर्य. राज्य नऊ एकरांचे पंधरा एकर जाहले. घोडी अठराची पंचेचाळीस जाहली. राणीचा पाय होता तेवढाच राहिला आणि पुरला. लेखनसीमा.