तिसऱ्या हाकेच्या भरवशावर

कोणतीही गोष्ट तीनदा सांगितल्याशिवाय सांगितली असे धरू नये, हा सुसंस्कृत समाजाचा पाया आहे. पहिली हाक ही नुसती सूचना. दुसरी आठवण. तिसरी, जिला जरा चिरका सूर लागतो, तीच खरी हाक.

या पायावर एका बसस्थानकाचा कारभार बावीस वर्षं बिनबोभाट चालला होता. गाड्या पुकारण्याच्या खोलीत (लांबी सहा फूट, रुंदी पाच, खिडकी एक, तीही न उघडणारी) बसणाऱ्या बाईंना सगळे माईकबाई म्हणत. प्रत्येक गाडी त्या नियमाप्रमाणे तीनदा पुकारत. प्रवासीही नियमाचे पक्के. पहिल्या पुकाऱ्याला चहा मागवायचा, दुसऱ्याला तो फुंकायचा, तिसऱ्याला कप तिथेच टाकून पळत सुटायचं. दिवसाला छप्पन्न गाड्या, म्हणजे एकशे अडुसष्ट पुकारे. पाळी संपली की माईकबाई घरी जात आणि उरलेले पुकारे तिथे पूर्ण करत : नवऱ्याला उठवणे, लेकीला उठवणे, मग दोघांनाही उठवून झालं आहे याची त्यांना आठवण करून देणे.

एका सकाळी त्यांच्या गळ्यातून फरशीवरून पत्रा ओढल्यासारखा आवाज निघाला. प्रवाशांनी तक्रार केली नाही (पहिलाच पुकारा होता, ऐकतो कोण). आगारप्रमुखांनी मात्र तातडीने पत्र काढलं : 'सदर कर्मचाऱ्याने सहा आठवड्यांत आवाज पूर्ववत करून घ्यावा. अन्यथा त्यांची बदली गहाळ सामान विभागात करण्यात येईल. तेथे बोलण्याची गरज पडत नाही, कारण तेथे कोणी येत नाही.'

माईकबाई आवाजाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. त्यांनी घशात नळी घालून पाहिलं. स्वरतंतूंवर दोन गाठी होत्या, अगदी समोरासमोर, बोलणं बंद केलेल्या जावांसारख्या. डॉक्टरीणबाईंनी एक वही दिली आणि आठवडाभर बोलण्याची नोंद ठेवायला सांगितली. निष्कर्ष असे निघाले :

रोजची वाक्यं, सुमारे नऊशे.
त्यांपैकी नवी, एकशे चाळीस.
बाकीची तीच, पण वरच्या पट्टीत.
उत्तर मिळालेली, सदतीस (पैकी 'काय?' असं उत्तर, एकतीस वेळा).

"ताई, गळा चांगला आहे हो तुमचा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुम्ही त्याला तिप्पट राबवताय. आजपासून कुठलीही गोष्ट एकदाच बोलायची. कुजबुजायचंही नाही, त्यानं ताण वाढतो. गाठी विरल्या तर उत्तम. नाहीतर कापाव्या लागतील, आणि मग आवाज होता तसा परत येईल, याची हमी मी देत नाही."

शिवाय व्यायाम होता. पेल्यात पाणी घ्यायचं, त्यात नळी बुडवायची आणि गुणगुणत बुडबुडे काढायचे, सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं. दुसऱ्या दिवशी नवऱ्याने बाहेरूनच विचारलं, "अगं, गॅसवर काही उकळतंय का?" त्या आठवड्यात त्याने आपणहून विचारलेला हा एकमेव प्रश्न.

स्थानकावर उपचाराचा गुण तात्काळ दिसला. गाडी एकदाच पुकारली गेली. प्रवाशांनी चहा मागवला आणि गाडी सुटली. सगळ्या गाड्या वेळेवर जाऊ लागल्या, कारण चढायलाच कोणी नसे. इंधन वाचलं, आसनं फाटेनाशी झाली, सुट्ट्या पैशांवरून भांडणं थांबली. आगाराला वक्तशीरपणाची ढाल मिळाली आणि 'एक गाडी, एक पुकारा' हे धोरण कायमचं लागू झालं. फलाटावर राहिलेल्या प्रवाशांनी निवेदन दिलं, की आमची फसवणूक झाली आहे, आम्ही लक्ष देऊन तिसऱ्या पुकाऱ्याची वाट पाहत होतो. निवेदन एकदाच दिल्यामुळे त्याची दखल घेतली गेली नाही.

घरी आमटी गार होऊ लागली. लेकीचा क्लास बुडाला.

"आई, तू सांगितलंच नाहीस!"

"सांगितलं होतं."

"हो, पण एकदाच ना! एकदा सांगणं म्हणजे काय सांगणं झालं?"

सहावा आठवडा लागला. गुरुवारी चार वाजता गाठी तपासायच्या होत्या. हे वाक्य माईकबाईंनी दोन दिवस मनात घोळवलं, कारण ते एकदाच वापरता येणार होतं. टीव्हीवर जाहिराती लागेपर्यंत त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "अहो, गुरुवारी चार वाजता गाठी बघणार आहेत. मला भीती वाटतेय. तुम्ही याल का बरोबर?"

"हं," नवरा म्हणाला.

(संसारी माणसाच्या 'हं'चे तीन अर्थ मान्य आहेत : हो, नाही, आणि जाहिराती संपल्या.)

गळ्याशी आलेलं दुसरं वाक्य माईकबाईंनी पाण्याच्या घोटाबरोबर गिळलं.

गुरुवारी दवाखान्यात चौदा रुग्ण होते : चार शिक्षिका, दोन भाजीवाल्या, एक वकीलबाई आणि बाकीच्या कुणाकुणाच्या आया. सोबत आलेली माणसं मोबाइलमध्ये होती. माईकबाईंनी शेजारच्या खुर्चीवर पर्स ठेवली आणि ती साडेचारपर्यंत कुणाला उचलू दिली नाही. मग आत गेल्या.

गाठी विरल्या होत्या. "बोला काहीतरी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. माईकबाई बोलल्या, तो आवाज इतका स्वच्छ होता, की कोण बोललं म्हणून त्यांनी मागे वळून पाहिलं.

स्थानकावर त्या घराकडे जाणाऱ्या गाडीशी पोचल्या, तर नवरा धापा टाकत आला.

"अगं, ते आजच होतं होय? पुन्हा आठवण नाही का करायची माणसाला? बरं, काय म्हणाल्या?"

"बरा झाला आवाज," माईकबाई म्हणाल्या. तेवढ्यात त्याचा मोबाइल वाजला.

"काय?" तो मान खाली घालूनच म्हणाला.

तेव्हाच बदलीवरच्या बाईंनी गाडी पुकारली. माईकबाई चढल्या आणि खिडकीशी बसल्या. नवरा दुसऱ्या पुकाऱ्यासाठी थांबला. गाडी बरोबर वेळेवर सुटली. प्रवासी एक.

हे वाचत होतात तेवढ्यात तुम्हालाही आतल्या खोलीतून दोन हाका येऊन गेल्या. ऐकू आल्या नसतील तर मनाला लावून घेऊ नका, तसा रिवाजच आहे. फक्त तिसरीच्या भरवशावर बसू नका. तिला डॉक्टरांनी मनाई केली आहे.