दोन्हीकडून जुंपायची गाडी

गोरेगावात बैलगाड्या पुष्कळ होत्या, पण दोन्ही टोकांना बैल जुंपता येतील अशी गाडी एकच होती, आणि ती आमच्या शेजारच्या गंगारामकाकांची होती. पुढं दांडी, मागंही दांडी, दोन्हीकडे जू बांधायची सोय. ती बनवून देताना सुतारानं कपाळाला हात लावला होता म्हणतात. गाडी गल्लीतून निघाली की मागची दांडी कुणाच्या तरी ओट्याला घासायचीच. मग माझ्या सासूबाई दारातून विचारायच्या, "गंगाराम, तुही गाडी येऊन राहिली का जाऊन राहिली?"

काका शांतपणे सांगायचे, "वहिनी, ट्राम कधी वळत न्हाई. डायवर वळतो."

काकांनी उमेदीची वीस-बावीस वर्षं मुंबईत ट्राम चालवली होती. शेवटच्या थांब्यावर ट्राम उलटी फिरवत नसत. ड्रायव्हर गाडी चालवायचा आपला दांडा काढून घ्यायचा, चालत दुसऱ्या टोकाला जायचा, तिथं तो बसवायचा, की झालं मागचं टोक पुढचं. ही गोष्ट काकांना इतकी पटली होती की गाडी वळवत बसणाऱ्या माणसाची त्यांना कीव यायची.

आमच्याकडे लोक साल सांगायचे ते दुष्काळावरून, नाही तर पटकीच्या साथीवरून. काका ट्रामवरून सांगायचे. घोड्यांच्या ट्रामा बंद झाल्या त्या साली त्यांच्या वडिलांनी विहीर खणली. विजेच्या ट्रामा आल्या तेव्हा थोरल्या बहिणीचं लग्न झालं. ट्रामवर माडी चढली, म्हणजे दुमजली गाड्या निघाल्या, तेव्हा आमच्या ह्यांचा जन्म झाला. म्हणून काका ह्यांना लाडानं 'माडीवाला' म्हणत. एकेका गाडीची कुळकथा त्यांना तोंडपाठ होती. कोणती गाडी आधी कोणत्या रस्त्यावर होती, कोणत्या जुन्या गाडीची बाकं काढून कोणत्या नवीला लावली, पावसात कोणती कुरकुर करायची, सगळं नंबरासकट. बारशाला जेवायला बोलवावं, तर बाळाचं नाव ठेवायच्या आधी अडुसष्ट नंबरच्या गाडीला बसवलेल्या चाकांची हकिकत ऐकावी लागे. नवी सून होते तेव्हा मी पदराआड हसायची. पुढं उघड हसू लागले.

काका एकटेच राहत. बायको मुंबईतच वारली, एवढंच गावाला ठाऊक होतं.

अठ्ठेचाळीस सालचा श्रावण. निजामी राज्याचे ते शेवटचे दिवस होते, पण शेवटचे आहेत हे तेव्हा आम्हाला कुठं माहीत होतं? आमचे हे निजामाच्या हद्दीपलीकडे जाऊन त्याच्याविरुद्ध लढणाऱ्यांना मिळाले होते. निजामाच्या बाजूचे बंदूकवाले दोनदा घरी येऊन गेले. दुसऱ्या खेपेला त्यांनी माझीही चौकशी केली. मला नववा महिना लागला होता. माहेर वाशिमला, म्हणजे हद्दीपलीकडेच. मला तिथं पोहोचवायचं ठरलं, पण आमच्या घरच्या माणसाला गाडी द्यायला कोणी धजेना. घर रिकामं दिसलं तर संशय येईल म्हणून सासूबाई मागं राहणार होत्या. सकाळी दार उघडलं, तर गंगारामकाका गाडी जुंपून उभे. कोणी त्यांना विचारलंही नव्हतं.

वाटेत त्यांच्या तोंडाला खळ नव्हता. मी भीतीनं गाडीची कड धरून बसले होते, आणि हा माणूस एक्काहत्तर नंबरच्या ब्रेकबद्दल बोलत होता. मला असा राग आला की गप्प बसा म्हणून ओरडणार होते. तेवढ्यात त्यांच्या हातांकडे लक्ष गेलं. कासरा त्यांनी मनगटाला चार वेढे देऊन आवळून धरला होता, जीव मुठीत धरल्यासारखा. ओरडायच्या ऐवजी, ब्रेक मग दुरुस्त झाला का, असं विचारलं.

कनेरगावच्या अलीकडे एक खोल पांदण लागते. दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच काठ, वर बाभळी, खाली चिखल. अर्ध्यात पोहोचलो तर समोरून एक शेळ्यावाली म्हातारी आली. पांदणीच्या पुढच्या तोंडाशी बंदूकवाले बसलेत, गाडीतल्या बायांना उतरवून नवऱ्याचं नाव विचारतायत, एवढं हळूच सांगून ती पुढं गेली. तिथं गाडी वळणं शक्य नव्हतं. चालत जाण्याची माझी अवस्था नव्हती.

काकांनी एक्काहत्तर नंबरची गोष्ट अर्ध्यातच सोडली. उतरून त्यांनी बैल सोडले, एकेकाला चाकाला अंग घासत मागं नेलं, जू मागच्या दांडीला बांधलं आणि बैल जुंपले. मी जागची हललेसुद्धा नाही. आता माझं तोंड बंदूकवाल्यांकडे होतं आणि गाडी त्यांच्यापासून दूर जात होती. त्यांच्याकडून हाक येईल म्हणून मी प्राण कानांत आणून बसले होते. हाक आली नाही.

ओढ्यापलीकडच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावर काकांनी मदत मागितली. तिथले नाईक, म्हणजे तांड्याचे मुख्य, स्वतः गाडीपुढं चालले आणि त्यांच्या गुरांच्या जुन्या वाटेनं आम्हाला हद्दीपार काढलं. दिवेलागणीला वाशिम आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कळा सुरू झाल्या. काका बाहेर ओट्यावर बसून होते. आईनं दोनदा जेवायला बोलावलं, पण ते उठले नाहीत. दुपारी मुलगी झाली. आईनं त्यांना आत बोलावलं तेव्हा ते उंबऱ्याशीच थांबले. बाळाकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"सूनबाई, एकटं वाटलं का तुला?"

मी नाही म्हटलं. असं काहून विचारता, असं मीच त्यांना विचारलं.

"माही बायको बाळंतपणात एकटीच व्हती खोलीत. निरोप आला व्हता मला. पर बदली डायवर आला न्हाई, आन् भरली गाडी मधी सोडता येत न्हाई. मी गेलो तवा ती आन् बाळ, दोघंबी गेले व्हते."

मी जे खरं होतं तेच सांगितलं.

"काका, तुमचा खोकला आत ऐकू येऊन राहिला व्हता. सकाळपासून. मी एकटी नव्हती."

"ऐकू येत व्हता?"

"व्हय."

काका उंबऱ्यातच बसले आणि मोठ्यानं रडले. आईनं बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं.