चौथ्या लेनच्या बिनीची हकीकत

“आज पुन्हा माझ्या टाचेला बोट लागलं गं! ही पोहायला येते की टाचा चाचपायला?”

ऐसा उद्गार गुन्सान बंदरीच्या सार्वजनिक तलावाच्या न्हाणीघरात, साबणाच्या फेसातून, मालसुनबाईंच्या मुखातून प्रातःकाळी निघाला, आणि शेजारच्या फवाऱ्याखाली कोपरे घासत उभ्या असलेल्या जोंगनानबाईंच्या कानी पडला, आणि तोच पुढील अवघ्या मोहिमेचा आरंभ जाहला. मागाहून मायबहिणींनी पुसिले की, चौथ्या लेनीत ऐसे काय घडले की मातबर बायका एकमेकींची नजर चुकवू लागल्या, आणि मग तह कैसा जाहला, ते साद्यंत लिहावे. म्हणोन आठवले तितके लिहिले आहे. अधिकउणे पदरी घ्यावे. क्लोरीनने डोळे चुरचुरतात.

तर चौथी लेन म्हणजे सकाळच्या शिकवणीतील मुरलेल्या बायकांचा मुलूख. तेथे एकीमागे एक पोहावे. जी पुढे तिची बिनी, तिने वेग धरावा आणि फौजेने तिच्या तळव्यांवर नजर ठेवून मागे यावे. बिनीचा मान ओकबुनताईसाहेबांकडे. वय सत्तरीपार, हयात बाजारात खारवलेल्या खेकड्यांचे दुकान चालविण्यात गेली, आणि गिऱ्हाइकाने फार घासाघीस केली तर काढलेला खेकडा पुन्हा पिंपात टाकीत ऐसा करारी स्वभाव. डोईवर लाल टोपी, तोच फौजेचा जरीपटका. परंतु मागील पानगळीत ताईसाहेबांचा गुडघा बदलावा लागला, आणि तेव्हापासून जरीपटका ऐशा चालीने पुढे सरकू लागला की कासवाने वाटेत थांबून वाट पाहावी.

आता वडीलधाऱ्या माणसास मागे टाकून पुढे जाणे म्हणजे जेवताना त्यांच्याआधी चमचा उचलणे. ते कोण करणार? म्हणोन दुसऱ्या जागेवरील जोंगनानबाई हात अर्धाच मारू लागल्या, आणि मग तिसऱ्या जागेवरील मालसुनबाईंनी पाय मारणे सोडले, आणि चौथ्या जागेवर होती दासोम, तिशीतली, तिसऱ्या लेनीतून नुकतीच बढती मिळून आलेली. तिला हे राजकारण ठाऊक नव्हते. ती बापडी शिकविल्याप्रमाणे पोहत आली, आणि तिचे बोट जाऊन मालसुनबाईंच्या टाचेस भिडले. येणेप्रमाणे गुन्हा एकीचा नव्हता आणि गुन्हेगार मात्र एकच ठरली.

मग दासोमवर आरोपांचा भडिमार जाहला. ती अंग न घासता पाण्यात उतरते, तोंडाला मलई फासून येते, कडेला टेकून वाट अडविते, ऐसे नाना प्रवाद उठले. ते उठविण्यात अग्रेसर मालसुनबाई. आणि खुद्द त्यांची कीर्ती म्हणाल तर आपली साबणाची टोपली भल्या सकाळी नळावर टांगून जागा अडवीत, आणि फुलपाखरी हात मारू लागल्या की तिसऱ्या आणि पाचव्या लेनीतही पूर येई. परंतु त्याविषयी बोलण्याची छाती कोणाची?

शिकवणी सुटल्यावर कॉफीच्या यंत्रापाशी, उकडलेली रताळी सोलता सोलता, खलबत बैसले.

“तू सांग ना त्या पोरीला,” मालसुनबाई म्हणाल्या. “तू दुसऱ्या नंबरची. मानाची.”

“तिनं काय केलंय?”

“मग काय ताईंना सांगायचं? जा, सांग! सांगतेस?”

“रताळं छान आहे हं,” जोंगनानबाई म्हणाल्या.

दासोम तेथेच ओले केस पुशीत उभी होती. ती दोन्ही हात पुढे जोडून वाकली आणि म्हणाली, “मावशी, मी खरंच हळू येते हो. याहून हळू आले तर बुडेन.”

त्यावर कोणी हसले नाही, कारण हसावे तर का हसलो ते सांगावे लागते.

मग प्रकरण शिकविणाऱ्या ह्योनसुसरांकडे गेले. सर अंगाने बैलासारखे धिप्पाड, परंतु बायकांच्या तंट्यात सशाहून चपळ. त्यांनी छताकडे पाहत फर्मान काढिले, “सगळ्यांनी थोडं अंतर ठेवा हं,” आणि ते कोणास उद्देशून होते हे कळण्यापूर्वीच पहिल्या लेनीकडे कूच केले.

जोंगनानबाईंच्या जिवाचे हाल मात्र कोणास दिसेनात. नवरा वारल्यावर त्या या तलावावर प्रथम आल्या, तेव्हा पाण्याची भीती ऐसी की शिडीची दांडी सोडवेना, आणि बोटे पांढरी पडलेली. त्या समयी ओकबुनताई मागे वळून म्हणाल्या होत्या, “पाण्याकडे बघू नकोस. माझे तळवे बघ आणि ये.” त्या तळव्यांमागे जोंगनानबाई पोहणे शिकल्या, आणि पोहता पोहता घरच्या रिकाम्या पाटावर एकटीने जेवणेही शिकल्या. आता त्याच तळव्यांना काय म्हणून सांगावे? दुसऱ्या लेनीतील एका बाईस कोणी “जरा मागं या” म्हटले होते. ती मागे झाली ती थेट घरी गेली, आणि पुन्हा तलावाकडे फिरकली नाही. बोलावे तर ताई जातील, न बोलावे तर पोरगी जाईल. ऐशा पेचात दिवस गेले आणि शुक्रवार उगवला.

शुक्रवारी बदकपाय घालण्याचा परिपाठ. बदकपाय म्हणजे रबरी पंजे. ते पायी चढविले की म्हातारीदेखील तोफगोळ्यासारखी सुटते. ताईसाहेबांनीही चढविले, परंतु नवा गुडघा मानेना. सरांची शिट्टी वाजली आणि फौज निघाली. जोंगनानबाई वेग आवरू गेल्या, परंतु पंजे कोणाचे ऐकतात? मागून मालसुनबाई फुलपाखरी हात उगारीत आल्या, त्यांच्यामागून दासोम आली, आणि लेनीच्या मध्यभागी ऐसा हलकल्लोळ जाहला की पंजात पंजा, दोरीत हात, नाकात पाणी. दासोमची टोपी तळास गेली, आणि जोंगनानबाईंचे नख ताईसाहेबांच्या टाचेस लागून रक्त आले. अवघी फौज खोकत कडेस लागली.

“पाणीच आज जड आहे,” एक म्हणाली.

“पंजे नवे ना. नवे पंजे चावतात,” दुसरी म्हणाली.

“हिनंच ढकललं मागून!” मालसुनबाई गरजल्या.

दासोम मोकळ्या ओल्या केसांनिशी मान लववून म्हणाली, “माफ करा. मी परत तिसऱ्या लेनमध्ये जाते.”

ताईसाहेब टाच धरून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “पोरीला कशाला बोलता? माझ्या टाचेला लागलं ते जोंगनानचं बोट. इतक्या वर्षांत कधी लागलं नव्हतं. माझं काहीतरी चुकतंय, आणि तुम्ही सगळ्या रताळं गिळल्यासारख्या गप्प. सोमवारपासून मी येत नाही. तुमच्यात पोहण्यापेक्षा घरचा टीव्ही बरा, निदान बोलतो तरी.”

ऐसे म्हणून ताईसाहेबांनी बदकपाय काढिले आणि शिडीस हात घातला. तेव्हा सर छताकडे पाहू लागले, मालसुनबाई आपल्या नखांकडे पाहू लागल्या, आणि जोंगनानबाईंनी शिडीच्या दांडीवर, ताईंच्या हातावर, आपला हात ठेविला. बोटे पांढरी पडली.

“ताई,” त्या म्हणाल्या, “तुम्ही हळू झालात.”

ताईसाहेबांनी पायरीवर ठेविलेला पाय पुन्हा पाण्यात घेतला.

“फार हळू. आम्ही सगळ्या तुमच्यामागं नुसत्या तरंगतो. पोरीचा काही दोष नाही. आता पुढं मी जाते. तुम्ही माझे तळवे बघा आणि या.”

ताईसाहेबांनी पोहण्याचा चष्मा काढिला, आत थुंकून बोटाने पुसला (हे करू नये ऐसी पाटी समोरच आहे), आणि पुन्हा डोळ्यांवर चढवून जोंगनानबाईंना न्याहाळिले.

“तुझे तळवे?” त्या म्हणाल्या. “भेगाळलेत नुसते. मलम लाव म्हणून कधीची सांगतेय.”

आणि मग मुकाट्याने शेवटच्या जागी, दासोमच्याही मागे, जाऊन उभ्या राहू लागल्या. परंतु जोंगनानबाईंनी “इथं, माझ्या मागं,” म्हणोन दुसरी जागा दिली, आणि मालसुनबाई न सांगता एक जागा मागे सरकल्या, इतकेच नव्हे तर दासोमला आपल्या पुढे घेतले. दासोमने तळातून टोपी काढिली.

येणेप्रमाणे चौथ्या लेनची बिनी जोंगनानबाईंकडे आली. युद्धात पडले कोणी नाही. जखमी टाच एक. अखेरीस रिवाजाप्रमाणे सर्वांनी हातावर हात रचून आरोळी ठोकिली, ती पहिल्या लेनीपर्यंत गेली. फत्ते जाहली, ऐसे नमूद करावे.

एक गोष्ट मात्र दप्तरी नाही. त्या दिवशीच्या शेवटच्या फेरीत, बिनीवर पोहणाऱ्या जोंगनानबाईंच्या टाचेस मागून एक बोट लागले, आणि पाठोपाठ आवाज आला, “जरा पाय उचल गं, झोपलीस काय!”

त्याची फिर्याद आजतागायत कोणी केलेली नाही.